जुनं मॉडेल २९ घेताय? पार्टांची यादी बाजूला ठेवा, आधी फीलर गेज काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्मिथ अँड वेसनचं मॉडेल २९, .४४ मॅग्नम, साडेसहा इंची नळी, सत्तरच्या दशकातलं, एका ओळखीच्या माणसाकडून मिळतंय. ते घेऊन ट्रिगर हलका करायचा, नळी कापून चार इंची करायची, रबरी मूठ बसवायची, घासलं गेलेलं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) नव्यानं करून घ्यायचं आणि मग फुल मॅग्नम काडतुसं झाडायची. यातलं आधी काय आणि नंतर काय, एवढंच तुम्ही विचारलंय.

माझ्या मते प्रश्न क्रमाचा नाहीच. या यादीतली मूठ सोडली तर बाकी जवळजवळ प्रत्येक काम एकदा केलं की मागे घेता येत नाही. आणि तुम्ही अजून त्या रिव्हॉल्व्हरमधून एक गोळीही झाडलेली नाही. त्याचा ट्रिगर खरंच जड आहे की आत जुनं तेल चिकट झालंय, साडेसहा इंच तुम्हाला लांब पडतात की नाही, हे आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. त्यामुळे खरा प्रश्न दोन भागांत येतो: हा नग धडधाकट आहे का, आणि तुम्हाला तो कशासाठी हवाय?

दुसऱ्या भागाचं उत्तर तुमच्याकडेच आहे. संग्रहासाठी हवा असेल तर हात लावू नका, विषय संपला. कागदी टार्गेटवर नेम साधायचा असेल तर थोडी कामं करण्यासारखी आहेत. रोज जड काडतुसं झाडायची असतील तर हे मॉडेल तुमच्यासाठी नाही. त्याचं कारण खाली येतंच. परवाना, वाहतूक आणि घरात ठेवण्याचे नियम जिथे राहता तिथले आधी बघा. ते मी गृहीत धरून पुढे लिहितो.

आता ही बंदूक नेमकी काय आहे ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या तपासण्या का करायच्या ते आपोआप कळेल. स्मिथची ही मोठी फ्रेम, जिला एन फ्रेम म्हणतात, ती .४४ मॅग्नमसाठी जन्माला आली नाही. १९०८ च्या सुमारास ती आली ती .४४ स्पेशल या कमी जोराच्या काडतुसासाठी, तीन जागी लॉक होणाऱ्या सिलेंडरसह (सिलेंडर म्हणजे काडतुसं ठेवायचं फिरतं नळकांडं). १९३५ मध्ये त्याच फ्रेमवर .३५७ मॅग्नम आलं. .४४ स्पेशलची काडतुसं हातानं जास्त दारू भरून, तेज करून झाडणाऱ्या एल्मर कीथ या अमेरिकी बंदूक-लेखकासारख्या मंडळींनी बरीच वर्षं पिच्छा पुरवल्यावर १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम निघालं, आणि १९५७ मध्ये कंपनीनं मॉडेलांना नंबर द्यायला सुरुवात केली तेव्हा त्याला २९ हा नंबर मिळाला. .४४ स्पेशलचा कमाल दाब १५,५०० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), .४४ मॅग्नमचा ३६,०००. पोलाद सुधारलं, सिलेंडर लांब झाला, पण फ्रेमचा आकार आणि आतली बारीक यंत्रणा मूळ घराण्याचीच राहिली. बंदूक फुटत नाही, तो प्रश्नच नाही. पण सततच्या जड माऱ्यानं ती सैल होते. कंपनीनं १९८० च्या दशकाच्या शेवटी सिलेंडरच्या खाचा लांब करण्यासारखे बदल केले ते यासाठीच. जोराच्या धक्क्यात सिलेंडर सुटून उलटा फिरतो अशी तक्रार होती. तुमचा नग त्या बदलांच्या आधीचा आहे.

म्हणून तपासणी. विकणाऱ्यासमोर, त्याची परवानगी घेऊन. सिलेंडर उघडा, सहाही चेंबर (काडतुसं बसतात ती भोकं) डोळ्यांनी बघा, मग बोट घालून बघा. त्यानं आत्ताच रिकामी करून दाखवली असली तरी हे करा.

पहिली गोष्ट टायमिंग. डाव्या हाताचं एक बोट सिलेंडरला अगदी हलकं टेकवा, जेमतेम ओढ लागेल एवढंच, आणि अंगठ्यानं हॅमर, म्हणजे मागचा घोडा, खूप सावकाश मागे घ्या. हॅमर मागे अडकण्याच्या आधी किंवा निदान त्याच क्षणी सिलेंडरचा खटका खाचेत पडल्याचा बारीक 'टक' ऐकू यायला हवा. हॅमर अडकला आणि सिलेंडर मात्र केसभर मागे राहिला, बोटानं ढकलल्यावर मग 'टक' आला, तर त्या चेंबरचं टायमिंग उशिरा आहे. सहाही चेंबरवर करून बघा. पाच बरोबर आणि एक उशिरा असं हमखास दिसतं, आणि घाईत बघणारा नेमका तोच चुकवतो. हा दोष दुरुस्त होतो, पण कसबी माणसाकडूनच, आणि त्याचा खर्च भावातून वळता करून घ्यायचा.

दुसरी गोष्ट, हॅमर मागे अडकवून ठेवा आणि अंगठ्यानं त्याला मागून पुढे बऱ्यापैकी जोरानं ढकला. ट्रिगरला हात नाही. हॅमर सुटला तर ट्रिगर हलका करायला कुणीतरी आतल्या खाचेवर घासायचा दगड फिरवलाय. हे एक लक्षण दिसलं की मी तो नग तिथेच ठेवतो. हॅमर आणि ट्रिगरवरचा तो रंगीबेरंगी थर नुसता शोभेचा नाही. पोलादाची वरची कातडी तेवढी कडक केलेली असते, आणि ती पातळ असते. घासून ती गेली की खालचं मऊ पोलाद झिजत राहतं. आज जेमतेम धरणारी खाच उद्या धरणार नाही.

तिसरी गोष्ट फटीची. सिलेंडरचं तोंड आणि नळीचा मागचा भाग यांच्यामध्ये फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीच्या मोजपट्ट्यांची, पाती सरकवा. सिलेंडर मागे दाबून एकदा मोजा, पुढे ढकलून एकदा मोजा. मागे दाबल्यावर चार ते आठ हजारांश इंच आलं तर छान, दहाच्या पुढे गेलं तर विचार करा. दोन मापांतला फरक म्हणजे सिलेंडरची पुढेमागे होणारी हालचाल. ती एक-दोन हजारांश असेल तर दुर्लक्ष करा. पाच-सहा असेल तर या बंदुकीनं बरीच जड काडतुसं पचवली आहेत असं समजा. पातळ वॉशर घालून ती कमी करता येते, पण मग फट आणि हेडस्पेस (काडतुसाच्या मागची मोकळी जागा) दोन्ही पुन्हा मोजावे लागतात. ट्रिगर दाबून धरल्यावर सिलेंडर डावी-उजवीकडे थोडा हलतो, त्यानं घाबरू नका. जुन्या कोल्टमध्ये सिलेंडर त्या क्षणी घट्ट जखडतो, ते बघून लोक स्मिथला नावं ठेवतात. स्मिथमध्ये किंचित खेळ असतो आणि तो असायचाच.

बाकीचं भराभर. नळीत मागून टॉर्च मारा. आतल्या भिंतीवर काळसर वलय दिसलं तर कधीतरी अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली गेली आहे आणि नळी तिथे फुगली आहे. नळीवरून बाहेरून बोटही फिरवा. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर, नेमकी फटीच्या वर, गरम वायूनं कापलेली बारीक रेघ असेल. ती बहुतेक ठिकाणी थोडी खोल जाऊन थांबते, एवढ्यावरून सौदा मोडू नका. सिलेंडर उघडा ठेवून फिरवा आणि इजेक्टर रॉडच्या (काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांड्याच्या) टोकाकडे बघा. टोक भोवऱ्यासारखं डुलत असेल तर रॉड वाकलाय. तो फक्त सैल असेल तर आवळायच्या आधी लक्षात ठेवा: १९६० च्या आसपासपासून त्याचे आटे उलटे आहेत. फायरिंग पिन या मॉडेलात हॅमरवरच असते, तिचं टोक गोल आणि अखंड आहे का ते बघा. आणि स्क्रू. स्क्रूंची डोकी फाटलेली, साइड प्लेटच्या (यंत्रणेवरच्या बाजूच्या झाकणाच्या) सांध्यावर पेचकस घालून उचकटल्याच्या खुणा, असं दिसलं की आत कोण जाऊन आलंय ते कळतं.

ओळख पटवायची असेल तर सिलेंडर उघडल्यावर योकच्या, म्हणजे सिलेंडर ज्यावर बाहेर उघडतो त्या भागाच्या, खोबणीत मॉडेलचा शिक्का दिसतो. सत्तरच्या दशकातलं असेल तर बहुधा २९-२ असेल. तेव्हाच्या नगात नळी फ्रेमला आडव्या पिननं अडकवलेली असते आणि काडतुसाची कड बुडेल अशी चेंबरांची मागची बाजू कोरलेली असते. १९८२ च्या सुमारास हे दोन्ही बंद झालं, म्हणून संग्राहक या नगांच्या मागे असतात. कोरलेल्या कडांचा एक त्रास मात्र आहे: त्या खोबणीत मळ साचला की काडतूस पूर्ण बसत नाही आणि सिलेंडर फिरताना अडतो. तपासताना खोबण्या पुसून मगच बाकीचं बघा.

समजा नग धडधाकट निघाला. आता तुमची यादी.

ब्लूइंग: करू नका. जुन्या स्मिथची चमक ही रंगापेक्षा खालच्या पॉलिशची आहे, आणि आज पॉलिशच्या चाकावर धरलेल्या दहापैकी बऱ्याच बंदुकांच्या कडा गोल होतात, शिक्के पुसट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडतो. जाणता माणूस ते हातभर अंतरावरून ओळखतो आणि भाव पाडतो. होल्स्टरनं तोंडाशी घासलेलं ब्लूइंग हा दोष नाही. गंज असेल तर तेल आणि अगदी बारीक ब्राँझ वूल, हलक्या हातानं, आणि वर मेणाचा हात. बस.

नळी कापणं: हे तर मुळीच नको. पुढची साइट नव्यानं बसवावी लागेल, तोंड पुन्हा कोरावं लागेल, मूळ नळी कायमची जाईल. पुढचं वजन गेल्यावर त्याच काडतुसाचा धक्का जास्त बोचतो, भडका आणि आवाज वाढतो. हे मॉडेल चार इंची नळीचं कारखान्यातूनच येत होतं. तुम्हाला चार इंचीच हवं असेल तर चार इंची शोधा, आणि हे साडेसहा ज्याला हवंय त्याला घेऊ द्या.

मूठ: इथे मात्र मोकळेपणानं प्रयोग करा, जुनी मूठ जपून ठेवली की झालं. त्या काळच्या लाकडी टार्गेट मुठी दिसायला देखण्या, पण खाली रुंद होत जातात आणि मध्यम हाताला भरून उरतात. त्याआधीच्या सडपातळ मॅग्ना मुठीत ट्रिगर गार्डच्या मागे पोकळी राहते. धक्का बसला की गार्ड मधल्या बोटाच्या पेरावर आपटतो. तेवढी पोकळी भरणारा छोटा धातूचा अडॅप्टर मिळतो आणि बऱ्याच जणांना तेवढंच पुरतं. रबरी मुठी दोन प्रकारच्या: मागचा पोलादी कणा झाकणाऱ्या आणि उघडा ठेवणाऱ्या. झाकणारी तळव्याला मऊ लागते, पण ट्रिगर तेवढा लांब जातो. बोटाचं पहिलं पेर डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे घोडा ट्रिगरनंच मागे नेताना, ट्रिगरवर नीट पोचत नसेल तर उघड्या कण्याची घ्या.

ट्रिगर: हलका करण्याआधी साफ करा. पन्नास वर्षांच्या बंदुकीत जडपणा बहुतेक वेळा वाळून मधासारखं चिकट झालेल्या तेलाचा असतो. मूठ काढली की पुढच्या बाजूला एक छोटा स्क्रू दिसेल, तो मुख्य स्प्रिंगला ताण देतो. बरेच लोक ट्रिगर हलका वाटावा म्हणून तो ढिला करतात आणि नंतर काडतूस पेटत नाही म्हणून काडतुसांना दोष देतात. तो पूर्ण आवळलेलाच असावा. साइड प्लेट उघडायची असेल तर पात्याच्या कडा समांतर असलेला, खाचेत घट्ट बसणारा पेचकस घ्या. कुठला स्क्रू कुठल्या भोकातला ते वेगवेगळं ठेवा, कारण ते सारखे दिसले तरी सारखे नसतात. प्लेट कधीही उचकटायची नाही. फ्रेम हातात सैल धरून मुठीच्या पोलादी भागावर लाकडी दांड्यानं टकटक करत राहा, प्लेट स्वतःहून वर येते. साफ करून, थेंबभर तेल देऊन बंद करा. तरीही जड वाटलं तर ट्रिगर परत आणणारी रिबाउंड स्प्रिंग थोडी हलकी घालता येते. जुनी डबीत ठेवायची. नव्या स्प्रिंगनं ट्रिगर सुस्त परत येत असेल तर पुन्हा तीच घालायची. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे घोडा आधी मागे अडकवून झाडताना, तीन पौंडांच्या आसपासचा स्वच्छ ट्रिगर कुठल्याही टार्गेटला पुरतो. दगड कुणाच्याही हातात देऊ नका.

आणि हे सगळं करण्याआधी, बंदूक आहे तशी झाडा. .४४ स्पेशल काडतुसं याच चेंबरात बिनदिक्कत चालतात. जुन्या धाटणीचं २४६ ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) स्पेशल साधारण ७५५ फूट प्रति सेकंद वेगानं जातं. २४० ग्रेनचं कारखान्याचं मॅग्नम १,३०० च्या पुढे. सव्वा किलोहून जड बंदुकीत स्पेशलचा धक्का गोड लागतो, आणि नेम शिकायला तेच हवं. फक्त स्पेशलची पुंगळी आखूड असल्यानं चेंबरात पुढे काजळीचं कडं जमतं. ते घासून न काढता मॅग्नम भरलं तर काडतूस अडतं, म्हणून मॅग्नमच्या आधी चेंबरला ब्राँझचा ब्रश.

धरताना हात कण्यावर जितका वर जाईल तितका न्या, दुसऱ्या हाताची बोटं पहिल्या हातावर गुंडाळा, आणि कुठलंही बोट त्या फटीच्या जवळपास नको. तिथून निघणारा वायू कातडी फाडतो. ऑटोमॅटिक पिस्तुलाची सवय असलेले लोक अंगठे पुढे सरळ ठेवतात. मोठ्या रिव्हॉल्व्हरवर ती सवय मोडा. कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही. चष्मा अर्थातच.

दचकण्याचा रोग सगळ्यांना होतो, आणि त्यावर रिव्हॉल्व्हरसारखा डॉक्टर नाही. सोबत्याला सांगा, सहापैकी काही चेंबरांत भरलेली काडतुसं आणि काहींत झाडलेल्या पुंगळ्या घालून सिलेंडर बंद करून द्यायला. तुम्हाला ठाऊक नसतं पुढे काय आहे. पुंगळीवर हॅमर पडतो, आवाज होत नाही, आणि नळीचं तोंड खाली डुबकी मारताना तुम्हाला स्वतःला दिसतं. ही डुबकी बंद होईपर्यंत मॅग्नमचा डबा उघडू नका. त्या काळात तुम्हाला ट्रिगर बदलण्याची जी घाई वाटत होती तीही बरीच कमी होते, असं मी वारंवार बघितलंय.

रिकामं करताना तोंड वर, आणि रॉडवर तळव्यानं एक जोरदार फटका. तोंड खाली ठेवून हळूहळू ढकललं तर न जळलेल्या दारूचे कण इजेक्टरच्या चांदणीखाली पडतात. दोन-चार कणांनीही चांदणी पूर्ण बसत नाही, सिलेंडर जड फिरतो किंवा बंदच होत नाही, आणि लोक टायमिंग बिघडलं म्हणून बंदूक घेऊन माझ्याकडे येतात. जुना टूथब्रश खिशात ठेवा. सिनेमात करतात तसा मनगटाच्या झटक्यानं सिलेंडर कधीही बंद करू नका, त्यानं योक वाकतो.

मॅग्नमवर आलात की दोन गोष्टींवर लक्ष. पाच झाडून सहावं काडतूस बाहेर काढून बघा: धक्क्यानं गोळी पुंगळीतून पुढे सरकली असेल तर ती काडतुसं या बंदुकीत नकोत, एखादी गोळी सिलेंडरबाहेर डोकावली की सगळं जाम होतं. आणि फुसका बार. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का कमी वाटला, की तिथेच थांबायचं. तोंड सुरक्षित दिशेला धरून थोडा वेळ जाऊ द्या, मग बंदूक रिकामी करून नळीतून आरपार दिसतंय का ते बघा. वर ज्या काळ्या वलयाचं सांगितलं ते न थांबलेल्या माणसाचंच असतं.

३०० ग्रेनच्या आसपासच्या फार तेज काडतुसांचा मोह असेल तर १९७९ मध्ये आलेलं रुगर रेडहॉक बघा. ते जाडजूड आहे, देखणं नाही, पण .४४ मॅग्नमसाठीच आखलेलं आहे. २९ ला कारखान्याचं २४० ग्रेनचं काडतूस अधूनमधून आणि स्पेशल नेहमी, या खुराकावर ते तुमच्यानंतरच्या माणसालाही पुरेल.

सौदा अजून झाला नसेल तर फटीची दोन्ही मापं, सहाही चेंबरांचं टायमिंग आणि योकमधला शिक्का इथे लिहा. एखाद्या चेंबरचं टायमिंग उशिरा निघालं तर तेही लिहा, मग भावात किती सूट मागायची ते सांगतो. मुठीचं बोलायचं असेल तर तर्जनी ट्रिगरवर कुठवर पोचते त्याचा एक फोटो टाका, बंदूक रिकामी आणि हॅमर खाली असताना.